भट्टीवरचं सरबत

आमच्या फ्रिजवर एक काळा डबा आहे, चांगला कळशीएवढा. त्यावर एका माणसाचा दंड छापलेला आहे. नुसता दंड, पुढे माणूस नाही. सध्या बायको त्यात शेंगदाणे ठेवते, पण हा डबा पहिल्यांदा घरात आला तेव्हा त्यात पावडर होती आणि ती पावडर माझी मुलगी पोलीस भरतीच्या तयारीसाठी दुधातून घ्यायची. त्या डब्यावरून आमच्या घरात जवळजवळ वर्षभर वाद चालला. वाद म्हणजे मी बोलायचो आणि त्या दोघी मायलेकी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मुलीची ही तिसरी आणि शेवटची खेप होती. पहिल्या वेळी ती लेखी परीक्षेत कमी पडली. दुसऱ्या वेळी मैदानात, आठशे मीटरच्या धावण्यात, अगदी थोडक्यात गेली. आता वयाची मर्यादा जवळ आली होती. ह्या वेळी नाव लागलं तर अंगावर वर्दी, नाही तर चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी काम, जे सोडून ती तयारीला लागली होती. वर्दी तिला शाळेत असल्यापासून हवी होती. का, ते मी कधी विचारलं नाही. तिला हवी होती एवढं मला पुरेसं होतं.

आम्ही भोसरीत राहतो. दिघीच्या बाजूला लष्कराच्या हद्दीला लागून एक मोकळं मैदान आहे, तिथे एक निवृत्त सुभेदार भरतीच्या मुलामुलींना सकाळी पळवतात. मुलगी रोज तिथे जायची. सुरुवातीला बाटलीत साधं पाणी असायचं. दोन महिन्यांनी पाण्याचा रंग बदलला. आधी केशरी झालं, मग निळं. निळं पाणी मी तोपर्यंत फक्त गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतताना बघितलं होतं. मी म्हणालो, "हे प्यायचं असतं?" तर म्हणाली, "सगळ्या मुली पितात, पप्पा." सगळ्या मुली पितात हे उत्तर ऐकलं की माझं टाळकंच सरकतं, कारण त्यातल्या प्रत्येकीच्या घरीही हेच उत्तर दिलं जात असणार.

मग तो दंडाचा डबा आला. त्याच्यामागून पळायच्या आधी घ्यायचं एक पुडकं आलं, पळून झाल्यावर घ्यायचं दुसरं आलं, आणि ज्याच्या नावात नुसती इंग्रजी अक्षरं होती असं काहीतरी तिसरं आलं.

"आणि पळताना काय घेतात?" मी विचारलं.

"पळताना पळतात, पप्पा," ती म्हणाली आणि बुटाच्या नाड्या बांधायला बसली.

बायको म्हणाली, "कशाला डोस्कं खायलात पोरीचं? तिच्या साठवल्या पैशातून आणायली ना ती?" मुद्दा तो नव्हताच. तिच्या आईच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीवर, मटकीवर, दोन अंड्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर ती इतकी वर्षं पळाली होती. तेच सगळं आता एकाएकी कमी पडायला लागलं, आणि ते कमी पडतंय हे तिला कुणी सांगितलं, तर डबा विकणाऱ्यानं. ह्याचा मला संताप यायचा.

एका रविवारी मी त्या दुकानात गेलो. दुकान दिघी रोडला, एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. ती इमारत ज्या शेतावर उभी आहे ते शेत दुकानदाराच्याच घरचं. जुना गाववाला माणूस, वडील तालमीतले, स्वतःचीही मान खांद्यात रुतलेली. चारही भिंतींना डबेच डबे. मी आमच्याकडचा डबा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "ह्याचं टेस्ट सर्टिफिकेट दाखवा."

तो बघतच राहिला. मी त्याला समजावून सांगितलं, की आमच्या कंपनीत साधा लोखंडाचा गज आत यायचा असेल तरी त्याच्याबरोबर कागद लागतो, कुठल्या लॉटचा, कशात काय किती, आणि कागद नसेल तर तो गज गेटवरून परत जातो. इथे तर पोटात घालायची वस्तू आहे.

"काका, वरचा कागुद खरवडा, नंबर निगतो. कंपनीच्या साइटवर टाकला की असली हाय म्हनून सांगतंय," तो म्हणाला.

"म्हणजे ज्यानं बनवलं तोच सांगणार, मी असली आहे."

"आता आसं बोलल्यावर काय सांगावं, राव."

"तुम्ही स्वतः घेता का हे?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "न्हाई वो," तो म्हणाला. "मला पचत न्हाई. आमी आपलं घरच्या म्हशीचं दूध पितो."

हे वाक्य मी घरी येऊन निदान दहा वेळा सांगितलं असेल. जेवताना सांगितलं, टीव्ही बघताना सांगितलं, गावाकडून फोन आला त्याला सांगितलं. मुलगी शेवटी उठून आत गेली.

आता मी एक कबूल केलं पाहिजे. ह्या सगळ्या पावडरींवर माझा जो राग होता त्याचं मूळ तो डबा नव्हता. ते आमच्या कंपनीत होतं.

मी एकतीस वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये काढली, आधी भोसरीत, मग चाकणला. गाडीचे गिअर आणि शाफ्ट भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात विझवायचे, हे आमचं काम. मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहिलं की शर्ट आधी ओला होतो आणि मग त्यावर मिठाचे पांढरे डाग उमटतात. तेव्हा भट्टीच्या मागे एक पिंप ठेवलेलं असायचं, लिंबू, साखर आणि मीठ घातलेल्या पाण्याचं. ते करायचं काम माझ्याकडे होतं. मला ते कुणी नेमून दिलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणी केलं तर माणसं म्हणायची, आज चव नाही. मीठ माझ्याच मुठीनं पडायचं. नव्यानं लागलेला माणूस पहिल्या दिवशी तोंड वाकडं करायचा आणि आठवड्याभरात ग्लास पुढे करायला लागायचा. मला त्या पिंपाचा अभिमान होता, आणि आमच्यासारख्या माणसाला अभिमान धरावा अशा गोष्टी कंपनीत किती मिळतात?

मग एक दिवस नवीन सेफ्टी ऑफिसर आली. माझ्या मुलीच्याच वयाची. तिनं पिंपाचं झाकण उघडलं, ग्लासात थोडं घेऊन चाखलं आणि विचारलं, "काका, ह्यात मिठाचं प्रमाण काय असतं?"

"हाताचा अंदाज आहे, मॅडम," मी म्हणालो. "इतक्या वर्षांत कुणाला काही झालेलं नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या आठवड्यात पिंप गेलं आणि त्या जागी केशरी पावडरच्या पुड्यांचं खोकं आलं, एक पुडी एक लिटर पाण्यात, पाठीमागे सगळं छापलेलं. ज्यांनी इतकी वर्षं माझ्या हातचं प्यायलं ते सगळे दुसऱ्या दिवशी पुडी फाडून बाटलीत ओतत होते. मी ती पुडी निवृत्त होईपर्यंत घेतली नाही. घरून माझं सरबत घेऊन जायचो.

त्यामुळे मुलीच्या बाटलीत केशरी पाणी दिसलं की माझ्या डोळ्यांपुढे ते खोकं यायचं. पण हे मी घरी कधी सांगितलं नाही. घरी मी तिच्या तब्येतीच्या काळजीनं बोलतोय असंच दाखवत आलो.

पुढे एकेक पुडकं आपोआप गळत गेलं. पळायच्या आधी घ्यायच्या पावडरनं एकदा तिच्या हाताला मुंग्या आल्या आणि छाती इतकी धडधडायला लागली की ती मैदानात खाली बसली. त्या दिवशी तिनं घरी येऊन ते पुडकं स्वतःच कचऱ्यात टाकलं. माझा चेहरा बोलला असावा, कारण ती म्हणाली, "झालं का समाधान?" निळं पाणी संपलं ते परत आलं नाही. दंडाचा डबा अर्ध्यावर असताना तिनं दूध नुसतंच प्यायला सुरुवात केली.

ह्यात खरा हात सुभेदारांचा होता. भरतीला महिना राहिला तेव्हा त्यांनी पालकांना मैदानावर बोलावलं होतं. उंच, वाळके गृहस्थ, गळ्यात शिट्टी. ते म्हणाले, "पोटभर जेवा, आठ तास झोपा, पाणी प्या. बाकी डबे म्हणजे दुकानदाराची भरती. मेडिकलमध्ये जुलाबाच्या वेळी देतात ती साधी पुडी उन्हात चालेल, एक लिटरला एक, त्यात कमीजास्त नाही. आणि एक ऐका. मैदानाच्या दिवशी नवीन काही नको. नवीन बूट नको, नवीन मोजे नको, नवीन खाणंपिणं नको. ज्याची सवय आहे तेच."

मी मान डोलावली. इतकी जोरात डोलावली की शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात सुभेदारांचं बोलणं सरळ त्या डब्यांवर गेलं होतं. पुडीचं जे बोलले ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. नवीन काही नको हे माझ्यासाठी असू शकतं, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

त्या महिन्यात मुलगी छान पळत होती. सुभेदार घड्याळ लावायचे आणि ती पूर्ण गुणांच्या वेळेत यायची, एकदा नाही, चार-पाचदा. लेखीची तिला भीती नव्हती. घरात पहिल्यांदाच असं वाटायला लागलं की आता होऊन जाईल. बायकोनं वर्दीतल्या फोटोसाठी भिंतीवरची जागासुद्धा ठरवून ठेवली.

भरतीचा दिवस उजाडला. तिला सकाळी लवकर हजर व्हायचं होतं. मी तिच्याही आधी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि मोठ्या पातेल्यात सरबत केलं. सहा लिंबं पिळली. साखर घातली. बाटलीच्या हिशोबानं मीठ घालायला चमचा घेतला, दोन चमचे घातले, मग वाटलं आज घाम जास्त जाणार, म्हणून आणखी अर्धा. चाखून बघितलं. बरोबर लागलं. अगदी पिंपातल्यासारखं.

ती दारात उभी होती, हातात सुभेदारांनी सांगितलेली, रोजची पुडी घातलेली बाटली. "पप्पा, माझं भरलेलं आहे," ती म्हणाली.

"ते राहू दे. आज माझ्या हातचं घे."

तिनं घड्याळाकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. वर्षभर आम्ही दोघं ह्या बाटल्यांवरून भांडत होतो आणि त्या सकाळी तिला भांडण नको होतं. तिनं आपली बाटली ओट्यावर ठेवली आणि माझी घेतली. "बरं," म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर हात ठेवून देवासमोर उभं केलं तिला आणि मग स्कूटर काढली.

मैदानात नातेवाइकांना सोडत नव्हते. आम्ही सगळे जाळीच्या कुंपणाबाहेर. आत मुलींच्या रांगा बसवल्या होत्या. नंबर पुढे सरकत नव्हते. आठ वाजले, नऊ वाजले. साडेदहाला ऊन चटके द्यायला लागलं तेव्हा तिची रांग सावलीतून बाहेर आली. ती मला जाळीतून दिसत होती, छातीवर नंबराचं कापड, मांडीत बाटली. मी हाताचा अंगठा तोंडाकडे नेऊन खूण केली, पी. ती थोडं प्यायली. मी पुन्हा खूण केली. ती पुन्हा प्यायली. थोड्या वेळानं मी परत हात वर केला तेव्हा तिनं बाटली उलटी धरून मला दाखवली, संपली म्हणून. मी खूश होऊन हात हलवला.

पहिल्या फेरीत ती पहिल्या तिघींत होती. मी जाळीला धरून उभा होतो. दुसरी फेरी लागली आणि निम्म्यावर तिचा हात पोटाकडे गेला. मग ती वाकली, थांबली नाही, पण तिचं पळणं मोडलं. एकेक मुलगी तिच्या बाजूनं पुढे जात राहिली. रेषा ओलांडून ती मैदानाच्या कडेला गेली, गुडघ्यावर बसली आणि भडाभडा ओकली. एका लेडी पोलिसानं तिच्या तोंडावर पाणी मारलं. मी जाळीबाहेरून ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आता आठवत नाही.

सुभेदारांचा फोन आला तेव्हा ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. "ऊन लागलं, सर," ती म्हणाली. मला ते पटलं. ऊन होतंच. त्या दिवशी आणखीही दोन-तीन मुलींना त्रास झाला होता. मी भरतीच्या व्यवस्थेला शिव्या घालत घरी आलो, पोरींना एवढा वेळ उन्हात बसवतात म्हणून. शेजाऱ्यांना तेच सांगितलं.

घरी पातेल्यात उरलेलं सरबत होतं. मी ग्लासभर घेतलं आणि प्यायलो. चांगलं लागलं. बायको घामेजलेली होती, तिलाही दिलं. तिनं एक घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकला.

"काय ओ हे? मीठ किती घातलाव?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हंजी कुणाचं?" ती म्हणाली. "हे पोरीला दिलाव तुमी?"

मी पुन्हा एक घोट घेतला. मला अजूनही ते बरोबरच लागत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. भट्टीसमोर आम्ही ह्या पाण्याचा एक ग्लास प्यायचो आणि लगेच वर कूलरचं साधं पाणी तीन-चार ग्लास. ते कुणी कुणाला सांगावं लागत नसे, सगळेच प्यायचे. मुलीजवळ साधं पाणी नव्हतं. ती भट्टीसमोर नव्हती, नुसती रांगेत बसली होती. आणि त्या सरबताची सवय तिच्या नव्हे, माझ्या जिभेला होती. ज्या माणसानं एकतीस वर्षं दर अर्ध्या तासानं भट्टीचं तापमान लिहून खाली सही केली, दहा अंशांचा फरक पडला म्हणून अख्खा लॉट बाजूला काढला, त्यानं स्वतःच्या मुलीच्या बाटलीत अंदाजानं मीठ घातलं. दुकानदाराकडे कागद मागायला गेलेला शहाणा मीच. त्याच्या डब्यावर निदान किती घ्यायचं ते छापलेलं होतं.

पुढे लेखी झाली आणि मग यादी लागली. तिचं नाव नव्हतं. लेखीत चांगले गुण असून नव्हतं, धावण्यातले कमी पडले. तिनं यादी खालपर्यंत वाचली, मोबाइल आईच्या हातात दिला आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. नातेवाइकांपैकी कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते, "ऊन होतं." घरात त्या सरबताचा विषय कुणीच काढला नाही. बायकोनं ते पातेलं घासून वर ठेवलं. डबा धुऊन त्यात शेंगदाणे भरले.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा चाकणला रुजू झाली, त्याच लाइनवर. पहिल्या दिवशी तिला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला मी गेलो. गरज नव्हती, तरी गेलो. थांब्यावर तिच्या पिशवीतून बाटली डोकावत होती, केशरी पाण्याची. मग मला राहवेना.

"त्या दिवशीचं माझं सरबत," मी म्हणालो. "खारट होतं ना?"

ती बसच्या वाटेकडे बघत म्हणाली, "पहिल्या घोटालाच कळलं होतं, पप्पा."

"मग ओतून का नाही दिलंस?"

"ओतणार कसं?" ती म्हणाली. "तुम्ही जाळीतून बघत होता." मग तिची बस आली आणि ती चढली.